दसरा ते दिवाळी : परक्या शहरातील पहिले वीस दिवस

मुलाला किंवा मुलीला शिक्षणासाठी परदेशी पाठवायचे ठरले की कुटुंबाची बहुतेक शक्ती दोन गोष्टींवर खर्च होते. एक प्रवेश आणि दुसरी पैसा. प्रवेशाचे पत्र आले, कर्ज मंजूर झाले, पारपत्रावर व्हिसा लागला की घरी पेढे वाटले जातात आणि शाखेतही एक मोठे काम हातावेगळे झाल्याचे समाधान असते. विद्यार्थ्याची खरी कसोटी मात्र विमानातून उतरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत लागते. या काळात पैसा कमी पडतो असे नाही. तो असतो, पण हाताशी येत नाही. आडात पाणी आहे पण पोहऱ्यात येत नाही, अशी ही विचित्र अवस्था असून तिची कल्पना पालकांना क्वचितच दिली जाते.

हा विषय देशोदेशी वेगळा आहे. येथे जर्मनीचा विचार केला आहे, कारण तेथील सार्वजनिक विद्यापीठांत बहुतांश अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नसल्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांचा ओढा तिकडे वाढला आहे. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, हा अपवाद ध्यानात ठेवावा.) २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत ४९ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते आणि तेथील परदेशी विद्यार्थ्यांत ही संख्या सर्वांत मोठी होती. पुढील विवेचनासाठी लातूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शिक्षकाच्या मुलीचे उदाहरण घेतले आहे. अनेक विद्यार्थ्यांच्या वाट्याला येणारे प्रसंग त्यात एकत्र गुंफले आहेत. तारखा व नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

राखीव खात्याचे स्वरूप

जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी एक वर्षाच्या निर्वाहाची रक्कम आधीच तेथील राखीव खात्यात भरावी लागते. या खात्याला जर्मन भाषेत ‘श्पेरकोंटो’ म्हणतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, ठरविण्यात आली. २०२५ च्या दसऱ्याच्या सुमारास युरोचा भाव शंभर रुपयांच्या वर असल्याने हा आकडा बारा लाख रुपयांच्या पुढे जात होता. शिक्षकांनी राहते घर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज घेतले होते आणि त्यातूनच ही रक्कम पाठविण्यात आली. पैसे पोचल्याची पावती त्यांनी जपून ठेवली होती. मुलीच्या नावावर परक्या देशात बारा लाख रुपये आहेत, तेव्हा निदान पैशाची चिंता नाही, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा नव्हता, अपुरा होता. राखीव खात्यातून विद्यार्थ्याला थेट पैसे काढता येत नाहीत. दरमहाचा हप्ता त्याच्या चालू खात्यात जमा होतो, आणि ते चालू खाते तेथे पोचल्यावरच उघडायचे असते. खाते उघडण्यासाठी बँका बहुधा रहिवास नोंदणीचे प्रमाणपत्र मागतात. नोंदणीसाठी घरमालकाने सही केलेले ‘हा माणूस माझ्याकडे राहतो’ असे निवेदन लागते. नोव्हेंबर २०१५ पासून कायद्याने ते सक्तीचे आहे. मालक ते निवेदन भाडेकरार झाल्यावर देतो. आणि करार करायचा तर भाडे व अनामत हातात हवी! साखळीचे शेवटचे टोक असे फिरून पहिल्या टोकाला मिळते.

दोन सुट्ट्यांच्या मध्ये

मुलीने नवमीला गाव सोडले आणि २ ऑक्टोबर २०२५ रोजी, दसऱ्याच्या पहाटे, मुंबईहून विमान धरले. सीमोल्लंघनाचा मुहूर्त यापेक्षा नेमका साधणे कठीण. सोबत २०० युरोंच्या नोटा, परकीय चलनाच्या प्रीपेड कार्डावर ४०० युरो आणि बचत खात्याचे नेहमीचे डेबिट कार्ड होते. विमानतळाजवळच्या कोणत्याही यंत्रातून या शेवटच्या कार्डाने लागतील तसे पैसे काढता येतील, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

बर्लिनचा विमानतळ शहराच्या भाडेरचनेत ‘क’ विभागात येतो. शहरातल्या दोन विभागांचे तिकीट तेथून चालत नाही. रेल्वे स्थानकांवर फाटके नाहीत, तिकीट कोणी तपासत नाही, म्हणून सारे सोपे वाटते. परंतु यंत्रातून घेतलेले कागदी तिकीट फलाटावरील छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा ठसा उमटवावा लागतो. ठसा नसलेले तिकीट म्हणजे तिकीट नव्हे, आणि साध्या कपड्यांतला तपासनीस आला तर दंड ६० युरो. सुदैवाने पुढे उभ्या असलेल्या एका आजीबाईंनी खुणेने तिला ते यंत्र दाखविले. तिच्या शिलकीचा दहावा हिस्सा त्या एका खुणेने वाचला.

डेबिट कार्डाने मात्र दगा दिला. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असतात. परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो. ही सोय ग्राहकाच्याच सुरक्षेसाठी आहे आणि मोबाइलवरून ते काम दोन मिनिटांत होते, पण त्यासाठी येणारा ओटीपी भारतातील क्रमांकावर येतो. त्या सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलेले नव्हते. शाखेत विचारावे तर २ ऑक्टोबर, गांधी जयंती आणि दसरा, भारतात बँका बंद. दुसऱ्या दिवशी, ३ ऑक्टोबरला, भारतातील शाखा उघडली, पण तो जर्मनीच्या एकीकरणाचा दिवस, तेथे राष्ट्रीय सुट्टी. शनिवारी सरकारी कचेऱ्या बंद, रविवारी कचेऱ्यांसह दुकानेही बंद. जर्मनीत रविवारी किराणा दुकान उघडे मिळत नाही, अपवाद मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकानांचा. शुक्रवारी दुपारी निवासगृहाजवळच्या दुकानाचे दार लोटून पाहिले तेव्हा तिला हे उमगले. घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर तो दिवस निघाला.

ज्यांच्या जयंतीमुळे शाखा बंद होती, त्यांनाही परक्या शहरातील पहिल्या रविवारने अडविले होते, ही योगायोगाची गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. १८८८ च्या सप्टेंबरात मोहनदास गांधी कायद्याच्या शिक्षणासाठी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. तो दिवस शनिवार होता, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. अंगावर पांढरा फ्लॅनेलचा पोशाख, आणि किल्ल्यांसह सारे सामान ग्रिंडले कंपनीच्या अडत्याकडे सोपविलेले. दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने सामान सोमवारपर्यंत मिळणार नव्हते, आणि तोवर गावात एकट्याच पांढऱ्या कपड्यांत वावरण्याचा संकोच. याच ग्रिंडलेचे नाव पुढे भारतात बँक म्हणून अनेक वर्षे चालले. हॉटेलचे बिल तीन पौंड आल्याने आपल्याला धक्का बसला, असेही गांधीजींनी लिहिले आहे. पुढे त्यांनी पै-पैचा हिशेब लिहिण्याची सवय लावून घेतली, तिचे मूळ या बिलात असावे असे मानायला हरकत नाही.

लातूरच्या मुलीचे कार्ड शनिवारी सुरू झाले. वडिलांनी घरून तिच्या भारतीय क्रमांकावर रोमिंगचे रिचार्ज केले, ओटीपी आला आणि अडचण मिटली. बचत खात्यात शिल्लक फारशी नव्हती, ही गोष्ट वेगळी.

खोलीचा शोध आणि एक मोह

तिने सात रात्रींसाठी प्रवासी निवासगृहात खाट घेतली होती. रात्रीला ३२ युरोंप्रमाणे २२४ युरो गेले. प्रवासी निवासगृहे सहसा नोंदणीसाठीचे निवेदन देत नाहीत, त्यामुळे तेथे कितीही दिवस काढले तरी साखळीची पहिली कडी हाती लागत नाही. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांब असते. प्रवेश निश्चित होताच अर्ज केलेल्यांनाही सत्र सुरू होण्यापूर्वी खोली मिळेलच असे नाही. तिकीट, जर्मन सिम, जेवण आणि अंगावर घ्यायला एक जाड रजई यांत आणखी १३० युरो संपले. सोमवारी, ६ ऑक्टोबरला, तिच्याजवळ २४६ युरो होते.

त्याच दिवशी संगणकावर एक जाहिरात दिसली. शहराच्या मध्यभागी, उजेडाची, सामानासह खोली, भाडे फक्त ३५० युरो. मालकाने अतिशय सौजन्याने कळविले की तो सध्या परदेशी नोकरीवर आहे. दोन महिन्यांचे भाडे व अनामत मिळून १,४०० युरो पाठविताच किल्ली कुरिअरने पोचेल. सोबत ओळखपत्राची प्रत आणि खोलीची छायाचित्रेही होती. मुलीने घरी फोन केला. वडील मंगळवारी सकाळी शाखा उघडताच हजर झाले. तोवर त्यांनी पतसंस्थेतली ठेव मोडण्याची तयारीही केली होती.

शाखेतील अधिकाऱ्याने अर्जावरील रक्कम पाहिली आणि विचारले, “गुरुजी, खोली कोणी डोळ्यांनी पाहिली आहे का?”

नव्हती. ज्या देशात पैसे जाणार होते तो जर्मनीही नव्हता. न पाहिलेल्या खोलीसाठी पैसे, परगावी असलेला मालक आणि टपालाने येणारी किल्ली, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तो व्यवहार फसवणुकीचाच समजावा. परदेशी पाठविलेली रक्कम एकदा समोरच्या खात्यात जमा झाली की ती परत मिळविणे जवळजवळ अशक्य असते. गुरुजींना घाई होती, मुलीला गुरुवारी निवासगृह सोडायचे होते, आणि अशा घाईवरच हा धंदा चालतो. अर्ज मागे घेण्यात आला. त्या दोन प्रश्नोत्तरांना पाच मिनिटेही लागली नसतील. शाखेत गर्दी असती तर कदाचित ती झालीही नसती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

खरी खोली मिळाली ती ओळखीतून. विद्यापीठाच्या उपाहारगृहात, ज्याला तेथे ‘मेन्सा’ म्हणतात, भेटलेल्या एका सोलापूरच्या विद्यार्थ्याने वेडिंग भागातील एका सामायिक घरात जागा रिकामी होत असल्याचे सांगितले. घरात आणखी दोन विद्यार्थिनी. मूळ भाडे ४०० युरो. पाणी, शेकोटी वगैरे धरून ४८०. जर्मनीत पहिल्यास ‘थंड’ व दुसऱ्यास ‘ऊबदार’ भाडे म्हणतात, आणि जाहिरातीत कोणता आकडा आहे हे पाहिल्याशिवाय हिशेब करू नये. अनामत दोन महिन्यांच्या थंड भाड्याइतकी, ८०० युरो, मागितली गेली. येथे तिच्या एका सवयीचा उपयोग झाला: करार सही करण्याआधी ती वाचत असे. जर्मन कायद्याप्रमाणे अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्याहून अधिक घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. तिने तसे विचारताच मालकीणबाईंनी खळखळ न करता मान्य केले. पहिला हप्ता २६७ युरो आणि ९ ऑक्टोबरपासूनचे उरलेल्या महिन्याचे भाडे ३५६, एकूण ६२३. हातात २४६.

ही तूट भरण्याचा मार्ग सरळ होता: घरून प्रीपेड कार्डावर रक्कम भरणे. त्यासाठी अर्ज, पारपत्र व व्हिसा यांच्या प्रती आणि मुलीच्या वतीने व्यवहार करण्याचे अधिकारपत्र लागले. अधिकारपत्र जाण्यापूर्वीच करून ठेवले असते तर एक दिवस वाचला असता. (कोऱ्या अर्जांवर सह्या घेऊन ठेवण्याची काही घरांतील पद्धत हा त्यावरील उपाय नव्हे.) बुधवारी ५०० युरो जमा झाले. यंत्रातून रोकड काढताना पडद्यावर ‘रुपयांत आकारणी हवी की युरोत’ असा प्रश्न येतो. रुपये हा शब्द ओळखीचा म्हणून हात तिकडे जातो, पण तो दर यंत्रवाल्याचा असतो व बहुधा महागात पडतो. नेहमी युरोच निवडावे. गुरुवारी तिने खोलीचा ताबा घेतला. शिल्लक १२३ युरो.

कर्जातून पाठविलेल्या शैक्षणिक रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून उगमस्थानी कर गोळा केला जात नाही; स्वतःच्या पैशांतून वर्षाला दहा लाखांपुढे पाठविल्यास तो लागतो व पुढे विवरणपत्रात वळता करून घेता येतो. दर अर्थसंकल्पागणिक बदलत असल्याने त्या त्या वेळी शाखेत विचारावे. तसेच शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी विदेशी चलन कायद्याच्या दृष्टीने अनिवासी मानला जातो, म्हणून त्याचे बचत खाते अनिवासी साधारण खात्यात बदलून घ्यावे लागते. ही बाब घाईत हमखास राहून जाते.

पेटीवरील नाव

१२३ युरो आणि बारा दिवस. मेन्सामध्ये विद्यार्थ्यांना काही युरोंत पोटभर जेवण मिळते. ती दुपारी तेथे जेवत असे आणि रात्री भात शिजवीत असे. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते व रिकामी बाटली दुकानातील यंत्रात परत टाकली की ते मिळतात, हे तिने दुसऱ्याच दिवशी शिकून घेतले होते. घरी फोनवर ती “सगळं व्यवस्थित आहे, बाबा” एवढेच सांगे. वडील “पैसे मिळाले का?” असे विचारीत आणि ती “मिळतील” म्हणे. तिचे जेवण कसे चालले आहे हे विचारण्याचे आईच्या मनात येई, पण बारा लाख पाठविल्यावर तो प्रश्न विचारणेच तिला विचित्र वाटे.

घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांत रहिवास नोंदणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. बर्लिनमध्ये त्यासाठी नागरिक कार्यालयात आधी वेळ घ्यावी लागते, आणि तीच दुर्मीळ. जवळच्या कार्यालयात महिनाभर जागा नव्हती. तथापि बर्लिनच्या कोणत्याही नागरिक कार्यालयात नोंदणी चालते आणि लोकांनी रद्द केलेल्या वेळा सकाळी लवकर पुन्हा खुल्या होतात. रोज सकाळी सातला संगणक उघडून बसल्यावर १५ ऑक्टोबरची एक वेळ शहराच्या पश्चिम टोकाला, स्पांडाऊमध्ये, मिळाली. करार, मालकीणबाईंचे निवेदन, पारपत्र. दहा मिनिटांत प्रमाणपत्र हाती आले, तेही विनाशुल्क. दुसऱ्या दिवशी एका बँकेच्या शाखेत खाते उघडले. खात्याचा क्रमांक तत्काळ मिळाला व तो तिने राखीव खात्याच्या सेवादाराला कळविला. कार्ड आणि पिन वेगवेगळ्या पाकिटांतून टपालाने येणार होते.

चार दिवस काही आले नाही. पाचव्या दिवशी चौकशी केली तेव्हा कळले की पहिले पाकीट ‘पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ या शेऱ्यासह परत गेले. येथे थोडे स्पष्टीकरण हवे. आपल्याकडे पत्त्यात घर क्रमांक असतो, मजला असतो, ‘मारुती मंदिरासमोर’ असते. आणि काहीच नसले तरी पोस्टमन ओळखतो. जर्मनीतील बहुतेक इमारतींत घरांना क्रमांक नसतात. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि नाव, एवढाच पत्ता. टपालवाला दारातल्या पेट्यांवरील नावे वाचतो आणि जे नाव पेटीवर नाही तो माणूस त्याच्या लेखी तेथे राहत नाही. सरकारी नोंदणी झाली, भाडे भरले, विद्यापीठात नाव लागले, तरी पितळी पेटीवर दोन जर्मन आडनावे होती आणि तिचे नव्हते. करक्रमांकाचे पत्र, विम्याचे कार्ड, निवासपरवान्याचा पत्रव्यवहार, सारे याच पेटीतून यायचे होते. परदेशी जाणाऱ्यांसाठीच्या जाडजूड पुस्तिकांत या एका वाक्याला जागा का मिळत नाही, याचे आश्चर्य वाटते.

तिने वहीच्या कागदाची पट्टी कापली, त्यावर मोठ्या रोमन अक्षरांत आडनाव लिहिले आणि चिकटपट्टीने पेटीवर लावले. तशीच एक पट्टी खालच्या घंटेजवळ. मग बँकेत जाऊन पाकीट पुन्हा पाठविण्याची विनंती नोंदवली.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लातूरला लक्ष्मीपूजन, शाखेला सुट्टी. त्या दुपारी राखीव खात्यातील पहिले ९९२ युरो तिच्या खात्यात जमा झाले. कार्ड नव्हते, शाखेच्या खिडकीवर पारपत्र दाखवून तिने १०० युरो काढले. जमा रकमेचा हिशेब आधीच लिहून झाला होता: आरोग्य विम्याचा हप्ता सुमारे दीडशे, नोव्हेंबरचे भाडे ४८०, अनामतीचा दुसरा हप्ता २६७. बाजूला पडत होते जेमतेम ९५ युरो. मार्च २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येते, आणि मेन्सामध्येच ताटे विसळण्याच्या कामासाठी तिने अर्ज दिला होता. वडिलांना मात्र तिने फक्त जमा झालेल्या रकमेचा आकडा कळविला. त्यांनी तो पावतीच्या मागे तारखेसह लिहून ठेवला.

पिनचे पाकीट शुक्रवारी आले. पेटीवरची कागदी पट्टी तोवर पावसाने थोडी सुटली होती. ती तिने नव्याने चिकटविली.